उजवा कप्पा

"डाव्या कुशीवर वळ आणि हात उशाखाली घे," ती म्हणाली. दादा वळला तसा पलंग कुरकुरला. तिने मशीनच्या प्रोबवर जेल घेतलं आणि तो त्याच्या छातीवर टेकवला. बाकीचे पेशंट त्या गारव्याने अंग चोरतात. दादा म्हणाला, "पाइप जोडताना आम्ही सोल्युशन लावतो तसं लावतेस की गं, बारके."

बारकी आता पन्नाशीला टेकली होती आणि अंगानेही बारकी राहिली नव्हती. इस्पितळात सगळे तिला इकोबाई म्हणत. हृदयाची सोनोग्राफी करण्यात तिचं उभं आयुष्य त्या अंधाऱ्या खोलीत गेलं होतं. दादा तिचा थोरला भाऊ, गावभर नळ जोडत फिरलेला. जगात तिला बारकी म्हणणारा तो एकटाच उरला होता.

खोलीचा एक नियम होता. काय दिसलं ते डॉक्टर सांगणार, इकोबाईने सांगायचं नाही. तोंड बंद ठेवणं सोपं असतं, चेहरा बंद ठेवणं शिकावं लागतं. कारण पडलेला माणूस स्क्रीनकडे बघत नाही, तो बाईंच्या तोंडाकडे बघतो. भुवई जरा हलली की बिचारा तिथेच अर्धा होतो. म्हणून नोकरी नवी असतानाच तिने चेहऱ्याला कुलूप घातलं होतं. पुढे ते असं गंजलं की घरीही उघडेना. नवरा म्हणे, हिला विनोद सांगण्यापेक्षा फ्रीजला सांगावा, निदान आत दिवा तरी लागतो. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत व्याह्यांना वाटलं होतं की बाईंना स्थळ पसंत नाही. तिला ते भारी पसंत होतं.

दादाच्या हृदयाची डावी बाजू थकून बरेच दिवस झाले होते. गोळ्यांनी जेवढं रेटायचं तेवढं रेटून झालं. आता डॉक्टर म्हणत होते की डावीकडे यंत्राचा पंप बसवू, तो रक्त पुढे ढकलेल. फक्त एक अट होती. रक्त आधी उजव्या बाजूतून फुप्फुसांत जातं आणि मग डावीकडे येतं. उजवी बाजूच लुळी असेल तर पंप बसवून उपयोग नाही, उलट माणूस ऑपरेशनच्या टेबलावरच जायचा. हे दादाला समजवायला डॉक्टरांनी चित्र काढायला घेतलं, तर त्यानेच त्यांना थांबवलं होतं. "वरचा पंप नवा घातलात, पण खालचा पाणीच चढवत नसेल तर नवा कोरडा फिरून जळणार. असंच ना?" डॉक्टर हसले होते. दुपारी त्यांची बैठक होती आणि त्याआधी उजव्या बाजूचं माप त्यांना हवं होतं.

शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याने सकाळीच विचारलं होतं, "बाई, घरचा माणूस आहे, मी करू का?" पण दादा हटून बसला होता, परका हात नको म्हणून. तीही हो म्हणाली. का म्हणाली ते तिला सांगता आलं नसतं. बाहेर बाकावर वहिनी कपड्यांची पिशवी पोटाशी धरून बसली होती. आत येताना वहिनीने तिचा हात धरून हळूच सांगितलं होतं, "ताई, सगळं तुमच्या हातात आहे. जरा सांभाळून घ्या." वहिनीला यात काही वावगं वाटलं नव्हतं. सोसायटीच्या कचेरीत ओळखीच्या माणसाला सांगावं, तसंच तिने सांगितलं होतं.

तिने आधी पोटातली मोठी शीर पाहिली. शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे परतणारं रक्त तिच्यातून येतं.

"नाकाने जोरात श्वास ओढ," ती म्हणाली.

"सर्दी झाल्यासारखा?"

"हो."

त्याने ओढला. हृदय नीट चालत असेल तर त्या हिसक्यासरशी शीर मिटते. दादाची शीर फुगलेलीच राहिली, तुंबलेल्या गटारासारखी. त्याने आणखी एकदा ओढला आणि विचारलं, "आवाज कसा आला?" तिने "चांगला" म्हटलं. तिचा चेहरा जागच्या जागी होता.

मग उजवा कप्पा. तिथल्या झडपेची कड प्रत्येक ठोक्याला खाली सरकते, निरोगी माणसात चांगली बोटाच्या पेराएवढी. ती किती सरकते यावरून कप्प्याची ताकद कळते. दादाची कड जागच्या जागी थरथरत होती. निम्मीसुद्धा सरकत नव्हती.

तिला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं एवढंच वाटलं. दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो, आपलाच असून आपला लागत नाही, तशी ती आतून झाली होती.

तेवढ्यात स्क्रीनवर एक ठोका चुकला, थोडा वेळ काहीच हललं नाही आणि मग एक भरघोस ठोका आला. कड झकास खाली आली. तिचं बोट सवयीने बटणावर गेलं आणि चित्र थांबलं.

दादाचे ठोके अनियमित होते. अशा हृदयात लांब थांब्यानंतरचा ठोका दांडगा येतो, कारण कप्प्याला भरायला सवड मिळते. ती नव्या मुलींना शिकवायची की हा दिखाऊ ठोका, पाहुण्यांपुढे गोड बोलणाऱ्या पोरासारखा. याच्यावर भुलू नका. शितावरून भाताची परीक्षा इथे करायची नाही, ओळीने पाच ठोके मोजायचे आणि सरासरी काढायची.

तो एकच ठोका मोजला असता तर आकडा बैठकीत खपला असता. कुणी विचारलं नसतं, कारण तिच्या मापावर तिथे कुणी शंका घेत नसे. दादाला पंप मिळाला असता. टेबलावरून तो उठला असता की नसता, ते पुढचं. मोजला नाही तर पंप नाही, आणि मग उरल्या फक्त गोळ्या, त्याही थोड्याच दिवसांच्या. थांबलेल्या चित्राकडे ती बघत राहिली. भाऊ वाचावा असं तिला फार वाटत होतं. पण ते दुसऱ्याच कुणाला वाटत असल्यासारखं लांबून ऐकू येत होतं.

"काय गं, अडकलं का मशीन?" दादाने विचारलं.

"नाही."

तिने चित्र सोडलं. ओळीने पाच ठोके मोजले, भले-बुरे सगळे, आणि सरासरी होती तशी ठेवली. मग छातीवरचं जेल पुसलं. इतर पेशंटना ती कागद हातात देते, आज तिने स्वतःच पुसलं. दादाला हाताला धरून बसवलं, शर्ट पुढे केला आणि त्याच्याकडे बघून हसली. मुद्दाम नाही. चेहऱ्याने आपणच ते केलं.

दादा एका बाहीत हात घालून थांबला. या खोलीत तो आजवर कितीतरी वेळा येऊन पडला होता.

"इथे कधी हसली नाहीस तू," तो म्हणाला. "खालचा पंप गेला ना?"

"डॉक्टर सांगतील, दादा."

"सांगू देत." त्याने दुसऱ्या बाहीत हात घातला आणि बटणं लावायला घेतली. एक बटण चुकून खालच्या काजात गेलं, ते त्याने काढून नीट लावलं. "तुझा हात हलका आहे, बारके. उगाच परक्याकडे गेलो असतो."

दार उघडलं तशी वहिनी पिशवीसकट उठली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे. इकोबाईच्या ओठांवर हसू अजून तसंच होतं.

"काय म्हणाल्या ताई?"

"ती काय म्हणणार, नियम आहे तिचा," दादा म्हणाला. "पण बघ ना तिच्याकडे. हसतेय."

वहिनीने पाहिलं आणि तिचे खांदे सैल पडले. तिने नणंदेचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. मग दादाने तिच्याकडून पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने पिशवी दिली नाही, तेव्हा त्याने पिशवीचा एक बंद धरला आणि दोघं पिशवी मधे धरून लिफ्टकडे चालू लागली. तो हळू चालत होता. वहिनी दर चार पावलांनी मागे वळून बघत होती, म्हणून लिफ्टचं दार लागेपर्यंत इकोबाई दारातच उभी राहिली, हसत.