गाळात निजलेले रानभाताचे बी

मित्रांनो, मी एक जुने बी आहे, रानभाताचे. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांच्या तळ्यात, कुसळ गाळात रोवून पडले आहे. ते लोक आम्हांला मनूमिन म्हणतात. माझ्या बरोबरीची बहुतेक उगवून गेली. मी मागे राहिले.

तेव्हा तळे आमच्या ताटांनी असे भरलेले असे, की होडीतला माणूस दिसत नसे, नुसता आवाज येई. काठच्या गावातली डेल्फीनबाई देवदाराच्या हलक्या काठीने ताटे होडीवर वाकवायची आणि दुसरीने हळूच थोपटायची. काही दाणे होडीत पडत, काही पाण्यात. पाण्यातले तळ्याचे. मागे उभी राहून तिची भाची वर्ना लांब काठीने होडी रेटायची. होडी डगमगली की मावशी म्हणायची, "अगं, होडी ढकलतेस की बटाटे खणतेस?"

एक रीत मात्र कडक होती. डेल्फीनबाईचा थोरला भाऊ अँब्रोज लोंबी चोळून पाही आणि ‘आता जा’ म्हणे. त्याआधी कुणी तळ्यात होडी घालत नसे. मी पिकले त्या वर्षी, ऐन हंगामात, अँब्रोज वारला. त्याच्या नावाने घालायच्या जेवणाला याच तळ्याचा भात हवा होता. पण जायचे कुणाच्या शब्दावर? सगळे एकमेकांकडे बघत थांबले. वर्ना रोज विचारी, मावशी नकाराची मान हलवी.

शेवटी ती म्हणाली, "गेला तरी तोच अडवतोय बघ आपल्याला. चल, काढ होडी."

तोवर वाऱ्याने आम्हांला पाण्यात झाडून टाकले होते. जेवणाला वाडगाभर भात निघाला, एकेकाच्या वाट्याला चार शिते. गावाने डेल्फीनबाईला खूप बोल लावले.

त्याच चुकीने आम्ही तगलो; एरवी होडीत गेलो असतो, ते सगळे गाळात साठून राहिलो. पुढच्या जूनमध्ये काठावर सुट्टीला येणाऱ्या बंगलेवाल्यांच्या मोटारबोटींना खोल पाणी हवे म्हणून तळ्याच्या तोंडाशी बांधावर फळ्या चढवल्या. त्या दिवसांत आमची पाने पाण्यावर आडवी पसरलेली असतात, मुळे कोवळी. पाणी चढले तशी रोपे उपटून काठाला लागली. डेल्फीनबाईने ती ओंजळीत घेतली. पुढे कितीदा हेच झाले. दर वेळी गाळात निजलेल्यांतली थोडी उठत आणि जात. नवे बी पडतच नव्हते.

आता डेल्फीनबाई नाही. वर्नाच मावशीएवढी म्हातारी झाली आहे. बर्फ वितळले की ती येते, काठी गाळात खुपसून पाण्याची खोली बघते आणि मावशीशी बोलावे तशी पाण्याशी बोलते. "यंदा फळ्या चढवणार नाही म्हणालेत. म्हणायला काय जातंय त्यांचं?"

मित्रांनो, मला आता आणखी निजता येणार नाही. साल फुटली आहे, कोंब निघाला आहे. लवकरच माझे पान पाण्यावर आडवे होईल. तुमच्याही गावाजवळ एखादे पाणथळ असेल. तिथले गवत नुसते गवत समजू नका, त्याचे पाणी हलवण्याआधी कुणाला तरी विचारा.

वर वर्नाची काठी थांबली आहे. मीही कान देऊन आहे. बांधाकडून फळ्यांचा आवाज अजून आलेला नाही.