प्रेमलाची खिडकी

“शी! काय थोबाडं रंगवून ठेवली भिंतीले!”

रशियनांच्या मदतीने उभारलेल्या पोलाद प्लांटच्या वसाहतीतल्या आपल्या जुन्या क्वार्टरच्या दारातच नरहरी थांबला. पुढच्या खोलीत छतापर्यंत गालफुगव्या रशियन बाहुल्या काढल्या होत्या, कोपऱ्यात प्लास्टिकची फुलं खोचली होती आणि ताज्या रंगाचा वास नाकातून थेट पोटात जात होता. याच खोलीत त्याचा सगळा संसार झाला होता. मरोद्याच्या घरून स्कूटरवर त्याला घेऊन आलेली त्याची मुलगी नूतन म्हणाली, “बाबा, हळू बोला.”

जुनी घरं जपणाऱ्या एका मंडळाने हे क्वार्टर पाहुण्यांना दाखवण्यासाठी सजवायला घेतलं होतं. मंडळाचा पीयूष धावत आला. मराठी तो फक्त घरी आईशी बोलत असावा.

“काका, उद्घाटनाला तुम्ही बोला. पहिले इथे रशियन इंजिनियर राहायचा ना, बस उसके बारे में.”

“मी त्याले पाहिलंच नाही. तो आला अन् गेला. मंग एक बंगाली फोरमन होता, दमेकरी. मंग आमी. माही अख्खी नोकरी इथंच गेली.”

“बीचवालों का रहने दीजिए, काका. लोकांना रशियन पाहिजे.”

बीचवाले! जन्मभर नरहरीने प्लांटमध्ये लोकांच्या हजेऱ्या लावल्या, आणि इथे हा कालचा पोरगा त्याचीच गैरहजेरी लावून मोकळा झाला होता. पण तो भांडायला आला नव्हता. मागची खोली मूळ नकाशात नाही म्हणून पाडणार आहेत, असं कानावर आलं होतं. ती वाचवायला तो आला होता.

प्रेमलाला, त्याच्या बायकोला, लकवा मारला तेव्हा ती खोली त्याने स्वतःच्या हाताने बांधली होती. तिला पडल्यापडल्या गल्ली दिसावी म्हणून खिडकी पार गुडघ्याएवढी खाली घेतली होती. क्वार्टर सोडताना लोक आपण वाढवलेल्या खोलीचे पत्रे, दारं, सगळं उचकटून नेतात. नरहरीच्याने एक खिळा काढवला नाही. तोवर प्रेमला गेली होती.

मागे येत पीयूष हसला. “ये खिड़की देखो, इतनी नीचे! मिस्त्री दारू पीके आया होगा.”

“मिस्त्री मीच होतो,” नरहरी म्हणाला.

मग नूतनने सगळं सांगितलं. ड्युटीवरून आले की बाबा खाटेच्या काठावर बसून आईला पेज भरवायचे आणि आज गल्लीत काय पाहिलं म्हणून विचारायचे. आई अडखळत सांगायची, भाजीवाला आला होता, बाजूची पोरगी शिकवणीला गेली. नूतन तेव्हा सासरी, राजनांदगावला होती. तिलाही आई फोनवर हेच सांगायची.

पीयूषचे डोळे चमकले. “नाही तोडत काका! खोली ठेवू. खाट ठेवू, बेडपॅन भी. ‘प्यार की खिड़की’. लोग रो देंगे!”

बेडपॅन! नरहरीला शिसारी आली. पण खोली वाचत होती. त्याने किळस गिळली आणि मान हलवली.

पीयूषने लगेच चौकीदाराची खाट आणवली आणि नरहरीला विचारून जुन्या जागी लावली. “लेटो ना काका, फोटो काढतो.”

नरहरी आडवा झाला. या जागेवर तो कधीच आडवा झाला नव्हता. खिडकीचं माप त्याने खाटेच्या काठावर बसून घेतलं होतं, भरवायलाही तो तिथेच बसायचा. तिथून गल्ली दिसायची, गुलमोहर दिसायचा.

उशीच्या जागी डोकं टेकलं आणि समोर शेजारच्या क्वार्टरच्या संडासाची भिंत आली. पहिल्यापासूनची, रशियन साहेबाच्या काळातली. तिच्यावरून उतरलेला काळा पाइप आणि खाली गटाराचं तोंड. दुसरं काहीच दिसत नव्हतं. गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली, ती नुसती ऐकू आली.

म्हणजे प्रेमला ऐकून सांगत होती. मान वळवता न येणाऱ्या बाईपुढे आपण हे मांडून ठेवलं आणि वर रोज कौतुकाने विचारलं! नरहरीला स्वतःचीच किळस आली.

तो उठला. “पाडून टाक.”

“क्या हुआ, काका?”

“पाड म्हणलं ना. आजच पाड.”

“कावून बाबा? आता तर ते ठेवून राहिले ना!” नूतन गोंधळली. मग ती खाटेवर टेकली. “थांबा, मले तरी पाहू द्या, आईले काय दिसत होतं ते.”

नरहरीने तिला दंडाला धरून उठवलं.

“गल्ली दिसते,” तो म्हणाला. “पूरी गल्ली दिसते.”

आणि त्याने खाट उचलून खिडकीला उभी लावून टाकली.