जुनं तेल

गाडीच्या उघड्या बॉनेटखाली षटकोनी ॲलन की तिसऱ्या झटक्याला फिरली. विमलाबाईंनी बूच बोटांनी पुरतं सोडवलं आणि भोकातून जो वास वर आला, त्यासरशी त्या मागे सरकून पोर्चच्या खांबाला टेकल्या. मेलेली पाल, जळका लसूण आणि नासकी अंडी एकाच डब्यात कोंबून वर्षभर झाकण लावून ठेवावं, तसा वास. त्यांनी पदर नाकाशी नेला, पण बोटांना काळं लागलेलं होतं. आता ते पदरालाही लागलं.

"आला?" व्हीलचेअरवरून बन्सीधरांनी विचारलं.

"काय?"

"वास."

"आला."

"म्हणजे... बूच बरोबर... खोललंस."

अर्धांगवायूनंतर त्यांचे शब्द असे एकेक करून यायचे. उजवी बाजू गेली होती, डावा हात तेवढा चालत होता. त्या हाताने ते बॉनेटच्या दिशेने काहीतरी दाखवत होते आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ हनुवटीवर येऊन थांबली होती. विमलाबाईंनी ती पाहिली आणि पुन्हा गाडीकडे वळल्या. एका वेळी एकच घाण, असं त्यांनी अलीकडे मनाशी ठरवून टाकलं होतं.

गाडी दोन हजार तीन सालची मर्सिडीज. अकरा वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका डॉक्टरकडून घेतलेली. पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं मेकॅनिकल शिकवणाऱ्या माणसाने परभणीच्या खड्ड्यांसाठी मर्सिडीज आणली म्हणून सगळे हसले होते. बन्सीधरांना गाडीचं नाव मिरवायचं नव्हतंच. त्यांना भुरळ घातली होती ती आतल्या सुपरचार्जरने, म्हणजे इंजिनाला हवा दाबून पुरवणाऱ्या पंपाने. त्या पंपाचं तेल वेगळं असतं, इंजिनाच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. जेमतेम पेलाभर. ते जन्मभर बदलावं लागत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं. "जन्मभर म्हणजे कोणाच्या? गाडीच्या का मालकाच्या?" असं म्हणत बन्सीधर दर तीन वर्षांनी ते स्वतः बदलायचे, आणि त्या दिवशी विमलाबाई स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायच्या.

यंदा तीन वर्षं झाली होती. गाडी उद्या जाणार होती. मानवतचे बी-बियाण्यांचे दुकानदार शंभुराज ती विकत घेऊन जाणार होते. त्यांनी गाडी पाहिली होती, सीट दाबून पाहिली होती, मागची 'कॉम्प्रेसर' ही अक्षरं बोटाने पुसून पाहिली होती. तेलाचं काही विचारलं नव्हतं.

"त्यांनी विचारलं का तरी?" सकाळी विमलाबाई म्हणाल्या होत्या.

"नाही. म्हणून तर."

"मग नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावते."

"तो... गिअर ऑइल ओतील."

पुण्याहून कुरियरने आलेली नव्या तेलाची छोटी बाटली तेव्हापासून स्टुलावर उभी होती. तिच्या शेजारी पातळ नळी, चिंध्या, विमलाबाईंचा फोन आणि एक मोठी सिरिंज. नाकातली नळी होती तेव्हा दीड महिना याच सिरिंजने त्यांनी नवऱ्याच्या पोटात गाळलेलं वरण आणि नाचणीची पेज ढकलली होती. आता त्यांनी तिला पातळ नळी जोडली.

बन्सीधरांनी सिरिंज ओळखली. "तीच?"

"धुतलेली आहे."

विमलाबाईंनी नळीचं टोक भोकात सारलं, खाली टेकल्यासारखं वाटल्यावर दट्ट्या मागे ओढला. काळपट, शेवाळासारखी झाक असलेलं तेल नळीतून रेंगाळत वर आलं. सिरिंज भरली. जुन्या बरणीत ती रिकामी करताना वासाची दुसरी लाट आली आणि त्यांच्या घशाशी सकाळचा चहा आला. त्यांनी तो गिळला.

गिळायची त्यांना सवय होती. आठ महिने रोज पहाटे त्या नाकाखाली बाम चोळून नवऱ्याच्या खोलीत जात होत्या. डायपर, मेणकापड, पाठीवरची जखम, नखांत अडकलेला भात. खोलीतून आल्यावर त्या ताटावर बसत, पण पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. ज्या माणसाच्या अंगाला पस्तीस वर्षं चंदनाच्या साबणाचा वास यायचा, त्याच्याच अंगावर वाकताना श्वास कोंडून धरावा लागतो, ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती नव्हतीच. त्यांना नवऱ्याची किळस यायची, आणि मग त्याहून जास्त स्वतःची.

मदतीला माणूस मिळाला नव्हता असं नाही. दवाखान्यात काम करणारा योगीराज, चाळिशीचा, शांत, हलक्या हाताचा, दोन दिवस येऊन गेला होता. बन्सीधरांनी पलंगाची दांडी धरून असा काही आरडाओरडा केला की शेजारचे धावत आले. परक्या माणसाचा हात त्यांना अंगाला नको होता. तिसऱ्या दिवशी विमलाबाईंनीच त्याला नको म्हणून सांगितलं.

स्टुलावरचा फोन वाजला. लेकीचा, मैथिलीचा, नाशिकहून. विमलाबाईंनी काळे हात वर धरून दाखवले. बन्सीधरांनी डाव्या हाताने फोन ओढला आणि अंगठ्याने स्पीकर लावला.

"आई, तुझं तिकीट काढू का नको? डॉक्टर म्हणाल्या, बाळंतपण पंधरा दिवसांच्या आतबाहेर."

"बघू गं. हात खराब आहेत माझे आत्ता."

"रोज बघू म्हणतेस. इथं सासूबाई असत्या तर मी म्हणाले नसते." मैथिली थांबली. "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. इथंच बसलेत. गाडीचं तेल बदलायलोत."

"कोण बदलायलंय?"

"मी."

"बरं, हात धुतलेस की फोन कर," म्हणून तिने ठेवला. बन्सीधर फोन मांडीवर धरून बसून राहिले. पडदा काळा झाला तरी ते त्याच्याकडेच बघत होते.

विमलाबाईंनी दुसरी सिरिंज ओढली. तिसरीला नुसती हवा आणि बुडबुडे आले. बरणीत तळाशी साचलेलं ते काळं त्यांनी उजेडात धरलं, कारण धातूच्या कणांची चमक दिसते का ते बघ, असं सकाळीच सांगितलेलं होतं. चमक नव्हती. नुसतीच घाण होती.

"विमल."

"हं."

"माझा... वास येतो?"

घरी येणारा प्रत्येक जण 'किती स्वच्छ ठेवलंय वहिनींनी' असं म्हणायचा आणि दाराजवळची खुर्ची धरायचा. डॉक्टर बोलता बोलता खिडकी उघडायचे. "काहीतरीच काय" हे शब्द विमलाबाईंच्या जिभेवर तयार होते. त्यांनी बरणी खाली ठेवली. तिचं झाकण शोधलं, ते सापडलं नाही.

"येतो," त्या म्हणाल्या.

बन्सीधरांची नजर हलली नाही. "याच्या... सारखा?"

विमलाबाईंनी खरोखर विचार केला. "याच्याहून कमी."

"किळस... येते?"

"येते."

"रोज?"

"रोज येते."

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग बन्सीधरांच्या घशातून खरखर आल्यासारखा आवाज आला. ठसका लागला म्हणून विमलाबाई धावल्या, पाठीला हात लावायला वाकल्या, तर त्यांचे खांदे हलत होते आणि चेहऱ्याची डावी बाजू वर ओढली गेली होती. ते हसत होते.

"आठ महिने..." त्यांना दम लागला. "डॉक्टरसुद्धा... खोटं."

विमलाबाईंना हसू आलं नाही. त्या पायरीवर बसल्या. जे बोललो ते परत घेता येईल का, असं क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं की परत घ्यायचं नाहीये. चिंधीच्या स्वच्छ कोपऱ्याने त्यांनी नवऱ्याची हनुवटी पुसली. या वेळी श्वास धरला नव्हता, आणि त्यामुळे वास पुरता नाकात गेला. त्यांनी तोंड वाकडं केलं. ते बन्सीधरांनी पाहिलं. विमलाबाईंनीही लपवलं नाही.

"नवं भर," ते म्हणाले.

नवं तेल मधासारखं होतं, पण वासाला तेही काही चांगलं नव्हतं. "हेसुद्धा असलंच?" विमलाबाई म्हणाल्या.

"हे फक्त... नवं. जुनं झालं की... जास्त कळतं."

"हळू," ते मध्येच म्हणायचे, "हवेचा फुगा बसेल." पाऊण बाटली संपल्यावर त्यांनी प्लॅस्टिकची पट्टी आत घालून पाहायला लावली. पट्टीचं टोक ओलं आलं, आणखी थोडं भरल्यावर तेल भोकाच्या खालच्या काठाशी येऊन थरथरत थांबलं. विमलाबाईंनी नवा वॉशर लावला, बूच बसवलं.

"लय... आवळू नको. ॲल्युमिनियम... आहे."

"कळतंय मला."

"कळतंय," ते म्हणाले. वर्गात एखाद्याचं उत्तर बरोबर आलं की ते असंच म्हणायचे.

बॅटरी केव्हाच उतरली होती, उद्या शंभुराज नवी घेऊन येणार होते. तोवर गाडी चालू करून बघायचं काही नव्हतं. विमलाबाईंनी बॉनेट खाली सोडलं आणि मागच्या नळावर गेल्या. कपड्याची पावडर, मग लिंबाची साल, मग पुन्हा पावडर, असं करून त्यांनी हात तीनदा धुतले. पदर धुतला. मैथिलीला फोन करायचा होता, पण काय सांगायचं ते अजून ठरत नव्हतं.

त्या ओले हात झटकत पोर्चमध्ये आल्या तेव्हा बन्सीधर फोनवर होते. शंभुराजांना तेलाचं सांगत असतील, असं त्यांना वाटलं.

"योगीराज ना?" बन्सीधर म्हणाले. "मी... पॉलिटेक्निकचे सर. उद्या... सकाळी ये. आंघोळीला." ते थांबले, ऐकत राहिले. "हो. मागच्या वेळी... चुकलं माझं. आता... नाही ओरडणार."

विमलाबाई होत्या तिथेच उभ्या राहिल्या. पलीकडून योगीराजने आणखी काहीतरी विचारलं असावं.

"नाही," बन्सीधर म्हणाले, "ती नसंल. नाशिकला जायलीये."