अर्धं ताट

बाबांची भूक आधी गेली आणि पाय मागून. आई वारल्यावर वर्षभर ते जेवत होते. मग ताटासमोर नुसते बसून राहू लागले, दुसऱ्याच कुणाचं ताट चुकून पुढे आल्यासारखे. काही बोललं की म्हणत, "ठेव गं, खातो मग." तो 'मग' कधी आला नाही. मांड्या इतक्या वाळल्या की खुर्चीतून उठायला दोन्ही हातांनी टेबल धरावं लागे. बाबा शिंपी. कापड उभ्यानेच बेतावं लागतं. शेवटी दुकानाला कुलूप लागलं.

इस्पितळात म्हाताऱ्या माणसांवर एक प्रयोग चालू होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "पोट मेंदूला भुकेचा निरोप पाठवतं. तो निरोप नेणारं एक संप्रेरक असतं. वय झालं की निरोप क्षीण होतो, असा आमचा अंदाज. म्हणून ते संप्रेरक बाहेरून टोचून बघतोय. भूक लागेल, अंगावर मांस चढेल. कदाचित पायांत जोरही येईल. कदाचित हं. आणि काहींना औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते सध्या मलाही ठाऊक नाही."

"म्हणजे भूक उसनी आणायची," बाबा म्हणाले.

"बाबा!"

"अगं, चेष्टासुद्धा करायची नाही का?" असं म्हणून त्यांनी सही केली.

दुपारी इंजेक्शन, त्यानंतर सगळ्यांना सारखंच जेवण: पाव, भाजी, उकडलेलं अंडं, एक फळ. उरलेलं नर्स तराजूत टाकून बघे. काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. "रोज निम्मं उरतंय. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत तेवढंच. असंच राहिलं तर त्यांना प्रयोगातून काढावं लागेल."

मला पटेना. कारण अलीकडे संध्याकाळी दार उघडायच्या आत आतून आवाज यायचा, "जेवायला काय करणारेस आज?" हा प्रश्न ऐकण्यासाठी मी कामावरून जवळजवळ धावत येत होते. तो परत बंद झाला असता तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी कोपऱ्यात जाऊन बसले. बाबा खाली मान घालून मन लावून जेवत होते. आणि मध्येच थांबले, खडूच्या रेघेपाशी कात्री थांबावी तसे. अंडं बरोबर निम्मं केलेलं. पाव निम्मा. त्यांनी ताटावर झाकण ठेवलं, बोटं पुसली, आणि झाकणाकडे बघत बसले.

"आजोबा, संपवा की," नर्स म्हणाली. "रोज मला तराजू काढायला लावता."

"झालं माझं."

"पोट भरलं?"

"भरलं कुठे?"

"मग?"

बाबा ओशाळले. "निम्मं हिचं असतं."

नर्सने माझ्याकडे बघितलं. हिचं म्हणजे आईचं. दुकानात डबा एकच यायचा. गिऱ्हाईक खोळंबू नये म्हणून एकाने जेवायचं, तेवढा वेळ दुसऱ्याने मशीन चालवायचं. पहिले बाबा, मग आई. जन्मभर ते दोघं एका डब्यात जेवले, पण समोरासमोर क्वचितच. बाबांच्या हाताला निम्म्यावर थांबायची सवय होती. भूक परतली, तशी हाताची सवयही परतली.

"ताट मोठं देता येईल?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"नाही. सगळ्यांना सारखंच." त्या थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. "पण समोर दुसरं झाकलेलं ताट ठेवू नये, असं नियमात कुठेच नाही. मी तशी नोंद करून ठेवते."

दुसऱ्या दिवसापासून दोन ताटं. बाबांनी आपलं पुसून घेतल्यासारखं साफ केलं. समोरच्याला बोट लावलं नाही.

दोन महिन्यांत ते हात न टेकता खुर्चीतून उठले. दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासाठी कोट बेतायला घेतला. मी फार खूश होते. म्हटलं, "आता बरं वाटतंय ना?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "बरं वाटतंय. पण एक सांगू? भूक नव्हती तेव्हा तुझी आईसुद्धा फारशी आठवत नव्हती. आता एक वाजला की भूक लागते, आणि पहिली तिची वाट बघावीशी वाटते."

"मग नको होतं का हे?"

"खुळी का तू? वाट बघायचंच सुटलं होतं माझं."

प्रयोगाची मुदत संपली, इंजेक्शनं थांबली. बाबांना औषधच मिळत होतं, असं नंतर कळलं. पण ते पुढे द्यायची सोय अजून कुठेच नव्हती. मी रोज दारात कान देऊन उभी राहायचे. प्रश्न आधी बारीक झाला, मग एके संध्याकाळी आलाच नाही. "ठेव गं," ते म्हणाले. बाबा गेले तेव्हा कोटाला बाह्या लागायच्या राहिल्या होत्या.

आता दुपारी मी दुकानात बसून जेवते. बेतायच्या टेबलावर डबा उघडते, चमच्याने मधोमध रेघ ओढते, आपल्या बाजूचं खाते. झाकण लावताना मात्र हात थांबतो. पलीकडे आता दोघं आहेत. अर्ध्यात भागायचं नाही.