उघडी तुळई

इंग्लंडातल्या डॉर्सेटमधलं माझं गवती छपराचं घर तीनशे वर्षांचं आहे, हे दुधवाल्यालासुद्धा सांगून झालंय. दोन हिवाळे खपून मी बैठकीच्या तुळईवरचा सगळा गिलावा खरवडून काढला. आत कुऱ्हाडीचे घाव निघाले. तेव्हापासून येईल त्या पाहुण्याच्या हातात चहा देऊन मी सांगायचो, की ही तुळई लढाऊ जहाजाची आणि हे घाव लढाईतले. माझी बायको हिलरी नेमकी तेव्हाच केक कापायला आत जायची.

काल धुराड्याजवळची ओल बघायला गावातले म्हातारे गवंडी सिरिलकाका आले. त्यांनाही मी लढाई ऐकवली. त्यांनी घावांवरून अंगठा फिरवला.

"गिलावा धरावा म्हणून मारतात हे," ते म्हणाले. "लाकूड ओबडधोबड, म्हणून झाकायचं. गरिबाच्या घरालाही तेवढी लाज होती. तू घराचे कपडे उतरवून पाहुण्यांना दाखवतोयस."

हिलरी केक न कापताच परत आली.

"मग पुन्हा झाकून द्या," मी म्हणालो.

"आता कसं झाकणार? तुळई कायम उघडी राहावी, असा अर्ज तूच जुन्या घरांच्या जतनाच्या सरकारी कचेरीत दिलास. मंजूरही झाला."

"त्या अर्जावर गावचे गवंडी म्हणून तुमचीही सही आहे, काका. तेव्हा का नाही बोललात?"

काकांनी आधी चहा संपवला.

"तू सही मागितलीस. मत कुठे मागितलंस?"