तीन शंकू वाळू

“बाई, या शंकूत काहीतरी गडबड आहे,” नवे सर म्हणाले. त्यांच्या हातात पट्टी होती आणि समोर वाळू सांडलेली.

बाई निवृत्त व्हायला आल्या होत्या आणि गणिताचं कपाट नव्या सरांच्या ताब्यात देत होत्या. वर्गात आता मोठा पडदा आला होता. त्यावर बोट टेकवलं की वर्तुळाच्या फाकी व्हायच्या आणि त्या शेजारी शेजारी लागून आयत दिसायचा. मग बाईंच्या पुठ्ठ्याच्या वर्तुळांना कोण विचारतो? तरी सर भला माणूस. धड ते ठेवू, चुकीचं ते भंगारात देऊ, असं म्हणून ते एकेक वस्तू तपासत होते.

पत्र्याचा निळा शंकू आणि तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा मानलेला निळा डबा. शंकू तीनदा वाळूने भरून ओतला की डबा भरतो, म्हणून शंकूचं घनफळ डब्याच्या एक तृतीयांश. हा प्रयोग बाई इतक्या रंगून करत की मुलांनी त्यांचं नाव शंकूबाई पाडलं होतं. सरांनी मात्र दर वेळी पट्टी फिरवून वाळू सपाट केली आणि डबा काही भरला नाही. वर बोटभर जागा राहिली.

“तिरकी बाजू डब्याएवढी घेतलीय. सरळ उंची घ्यायला हवी होती,” सर म्हणाले. “कुणी केलाय हा?”

केला होता बाईंच्या नवऱ्याने. पत्र्याची नरसाळी, डबे, धुराची नळकांडी करायचं त्यांचं काम. शाळेत गणिताने असं रडवलं की त्यांनी लवकरच शाळेला रामराम ठोकला. गणित सोडून आलो तर तेच बायको होऊन घरात आलं, असं ते चारचौघांत सांगत. शंकू करायला घेतला तेव्हा मात्र जेवायलाही उठले नाहीत. नरसाळं कापायच्या सवयीने त्यांनी डब्याची उंची पत्र्यावर धरली आणि तेवढ्याच त्रिज्येचा गोल आखला. मग रंगाचे दोन हात दिले. धड्याच्या दिवशी शंकू वर्गात दाखवून बाई शाळेतून आल्या तेव्हा चपला काढायच्या आधीच दारात त्यांनी विचारलं, “भरला का डबा?”

चूक बाईंना वर्गातच कळली होती. सांगायचंच म्हणून त्या घरी आल्या होत्या. पण तो चेहरा बघून त्यांची जीभ रेटेना.

“काठोकाठ,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्या शंकू शिगोशीग भरू लागल्या. वरच्या राशीत तूट झाकली जायची. दरवर्षी त्या धड्याच्या दिवशी ते विचारायचे आणि दरवर्षी तेच उत्तर ऐकून गालातल्या गालात हसायचे. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात, बोलायचं त्राण उरलं नव्हतं तेव्हा, त्यांनी बोटं जुळवून शंकू केला आणि भुवया उंचावल्या. बाईंनी होकारार्थी मान हलवली. त्यानंतर ते घरी आलेच नाहीत.

“बाई?” सरांनी पुन्हा विचारलं.

“आमच्या ह्यांनी केलाय,” बाई म्हणाल्या. “पण माप मी दिलं होतं. चूक माझी. मी सांगितलं तसं त्यांनी चोख केलं.”

खोटं बोलायची सवय होती, तरी या वेळी त्या सरांकडे न बघता सांडलेली वाळू गोळा करू लागल्या. सर वरमले. भंगाराकडे सरकवलेला शंकू त्यांनी उचलून पुसला आणि डबा, वाळूची पिशवी असं सगळं बाईंच्या हाती दिलं.

घरी येऊन बाईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. शंकूत वाळू घातली. हात सवयीने रास करायला गेला, तो त्यांनी आवरला. पट्टीने वाळू सपाट केली आणि ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. तिसऱ्या वेळेनंतरही डब्यात वर बोटभर जागा उरली. सांगितलं असतं तर स्वतःलाच हसत त्यांनी दुसरा करून दिला असता. हे आता कळत होतं आणि त्याचंच फार वाईट वाटत होतं.

समोरची नवऱ्याची खुर्ची टेबलाखाली सारलेली होती. बाईंनी ती थोडी बाहेर ओढली.

“थोडा कमी पडतो हो,” त्या म्हणाल्या.