बंद घड्याळाचं पत्र

वृद्धाश्रमात तिला सगळे मीठवाली म्हणत. नाव आश्रम चालवणाऱ्या मॅडमनीच पाडलेलं. "मशीन शिजवतं, तू मीठ टाक," असं पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं.

आया रोज तक्त्यावर खुणा करायच्या: जेवण, झोप, औषध, ताप. महिनाअखेरीस त्या खुणांवरून मशीन प्रत्येकाच्या घरी जाणारं पत्र लिहायचं. पत्र कसं, तर इस्त्रीच्या चादरीसारखं, एक सुरकुती शोधून सापडायची नाही. नातेवाईक वैतागले. 'माझी आई म्हणजे हवामानाचा अंदाज आहे का?' असं एकाने कळवलं. तेव्हा हिला नेमलं आणि आता पत्रं एक बाई लिहितात असं सगळ्यांना कळवलं. वाक्य मध्येच तोडायचं, एखादा शब्द चुकवायचा, एखादी बारीकशी घटना पेरायची. ती घडलेली असावी अशी अट कुणी घातली नव्हती. साठ म्हातारी माणसं. प्रत्येकाजवळ घटकाभर बसायला वेळ कुणाच्या बापाला होता? तिने अशा घटनांची वहीच केली. चप्पल उलटी घालून स्वतःच हसले. मांजराशी भांडल्या. एकच घटना या महिन्यात ह्यांना, पुढच्या महिन्यात त्यांना. मशीनला खोटं बोलायची अक्कल नव्हती, ती हिने पुरवली.

तक्रारी थांबल्या. भेटायला येणारी माणसंही थांबली, पण ते तिच्या ध्यानात यायला वर्ष गेलं. आलं ते घड्याळजींमुळे.

घड्याळजींनी उभा जन्म लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता चमचा तोंडापर्यंत पोचायच्या आत रिकामा व्हायचा. खुर्ची फाटकाकडे वळवून दिवसभर बसायचे. लेक पाच तासांच्या वाटेवर राहायची.

"पोरी, लिहिलंस ना तिला, ये म्हणून?"

"लिहिलं की, काका."

लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, की काकांनी स्वयंपाकघरातलं बंद पडलेलं घड्याळ उघडलं, फुंकर मारून चालू केलं आणि वर आयांना दम भरला.

लेकीचं उत्तर आलं: 'वाचून रडले. बाबा डोळ्यांसमोर उभे राहिले. या महिन्यात निघणारच होते, पण ते इतके रमलेत तर सुट्टी पुढे ढकलते.' मॅडमनी ते छापून कार्यालयाच्या भिंतीवर डकवलं.

त्याच आठवड्यात डॉक्टर जाता जाता म्हणाले, "घड्याळजींना ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या." मीठवालीने ते मॅडमच्या कानावर घातलं.

"तक्त्यात आहे का तसं?" मॅडमनी विचारलं. "नाही ना? मग लोकांना उगाच घाबरवू नकोस."

मीठवालीने मशीन बाजूला ठेवलं, वही मिटली आणि जन्मात पहिल्यांदा खरं पत्र लिहिलं. 'तुमच्या वडिलांना चमचा धरवत नाही. ते रोज फाटकाकडे बघत बसतात. लवकर या.' मॅडमना न विचारता ईमेलने धाडूनही दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला बोलावून उत्तर वाचून दाखवलं. 'हे पत्र मशीनचं दिसतं. कोरडं, तुटक, घाबरवणारं. आधीच्या बाईंनाच लिहू द्या. त्यांच्या पत्रात माझे बाबा असायचे.'

"आता?" मॅडम म्हणाल्या. "टाक मीठ, आणि पुन्हा पाठव."

ती उठली ती थेट घड्याळजींच्या खुर्चीपाशी गेली. स्वतःच्या मोबाईलवर लेकीचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. म्हातारा स्वतःच्या तोंडाने सांगेल, मग तरी पटेल.

"बाबा? अहो, काय झालं? बरे आहात ना?"

घड्याळजी ताठ बसले. थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली दाबला, जणू लेकीला तो दिसणार होता.

"मला काय धाड भरलीये? मजेत आहे."

"कालचं पत्र वाचून मी हादरलेच. आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ? चालतंय ना अजून?"

घड्याळजींनी मीठवालीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"चालतंय की," ते म्हणाले. "माझा हात लागल्यावर न चालून जातंय कुठे?"

पलीकडे लेक हसली. मोकळं, पोटभरून. "मग सुट्टीत येते, बाबा. निवांत."

"ये सावकाश. घाई कसली?"

फोन बंद झाला.

"कुठलं घड्याळ गं?" त्यांनी विचारलं.

"स्वयंपाकघरातलं. बंद आहे ते, काका. तुम्ही दुरुस्त केलंत असं मीच लिहिलं होतं."

घड्याळजींनी फाटकाकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"चालतंय म्हटल्यावर ती कशाला येईल," ते म्हणाले. "खुर्ची फिरव, पोरी. भिंतीकडे कर."